मनगटावरची सासू

रात्रीचे साडेदहा वाजले होते. भांडी झाली, ओटा पुसून झाला, दुधाला विरजण लागलं. खरं तर अंथरुणाला पाठ टेकायची वेळ. पण मी आपली स्वयंपाकघरातून बाल्कनीत आणि बाल्कनीतून स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत होते. कारण हातातलं घड्याळ सांगत होतं, अजून ६४० पावलं बाकी! सासूबाई पाणी प्यायला उठल्या. दारात उभ्या राहून दोन मिनिटं बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "काय हरवलंय गं? मी शोधू लागते."

"काही नाही आई, पावलं पूर्ण करतेय."

"बरं. मोजून कुणाला द्यायचीत?"

मी हसून वेळ मारून नेली. पण अंथरुणावर पडल्यावर तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. वीस वर्षांच्या संसारात सासूबाईंनी कधी माझी पावलं मोजली नाहीत, झोप मोजली नाही, किती खाल्लं ते विचारलं नाही. आणि हे मुलाने वाढदिवसाला दिलेलं दोन हजारांचं घड्याळ मात्र दर तासाला मनगट हलवून सांगतं, "उठा, बसून काय राहिलात?" मैत्रिणींनो, जुन्या सिनेमात असायची ती सासू आपण विकत आणून हातात बांधून घेतली की काय?

आता ही घड्याळं फक्त पुण्या-मुंबईची राहिलेली नाहीत. सकाळी अजिंक्यताऱ्याच्या चढावर या, चार भिंतीपाशी या, नाही तर सांगलीच्या आमराईत चक्कर मारा. दर चार-पाच जणींमागे एकीच्या हातात काळा चौकोन चमकताना दिसेल. आमच्या साताऱ्यात २०१२ पासून हिल हाफ मॅरेथॉन होते. यवतेश्वरच्या घाटात २१ किलोमीटर धावायला हजारो माणसं लांबलांबून येतात. त्या स्पर्धेमुळे गावात पळणाऱ्या-चालणाऱ्या बायकांकडे बघण्याची नजर बदलली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. माण तालुक्यातल्या मोहीची आपली ललिता बाबर २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकच्या स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोचली, दहावी आली, तेव्हा तर आमच्या महिला मंडळातल्या साठीच्या बायकांनीही बूट विकत घेतले. तेव्हा व्यायामाला माझा विरोध आहे, असं कुणी समजू नका. प्रश्न व्यायामाचा नाही, आकड्याचा आहे.

मुळात हा दहा हजार पावलांचा आकडा आला कुठून? मला वाटायचं, मोठमोठ्या डॉक्टरांनी बसून ठरवला असेल. तर तसं काही नाही. १९६४ मध्ये टोकियोला ऑलिंपिक झालं. जपानात व्यायामाची हवा निर्माण झाली. १९६५ मध्ये तिथल्या एका कंपनीने कमरेला लावायचं पावलं मोजणारं यंत्र बाजारात आणलं आणि त्याचं नावच ठेवलं 'दहा हजार पावलांचं मापक'. नाव लक्षात राहणारं होतं, आकडा गोल होता, चालून गेला. साठ वर्षं झाली, जगभरच्या बायका त्या जाहिरातीमागे चालतायत!

शास्त्रज्ञांनी नंतर खरोखर मोजून पाहिलं. २०१९ मध्ये अमेरिकेत सोळा हजारांहून जास्त वयस्क स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांचं सरासरी वय होतं ७२. दिवसाला साधारण २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० पावलं चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं. ७,५०० च्या आसपास हा फायदा थांबला, त्यापुढे चालून आणखी फरक दिसला नाही. २०२५ मध्ये 'लॅन्सेट'च्या सार्वजनिक आरोग्याच्या नियतकालिकात बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा आला. त्यातही ७,००० पावलांच्या आसपास मोठा फायदा दिसतो, असंच निघालं. म्हणजे रात्री साडेदहाला मी ज्या ६४० पावलांसाठी जीव टाकत होते, त्यांच्यावाचून माझं काहीच अडलेलं नव्हतं.

दुसरी गंमत सांगते. हे घड्याळ पाय मोजत नाही, हात मोजतं. मनगट हललं की पाऊल पडलं, असा त्याचा अंदाज. आता बघा, मी ज्वारीच्या आठ भाकरी थापल्या की माझी पावलं वाढतात. पण दोन्ही हातांत पाण्याच्या बादल्या घेऊन जिना चढले की घड्याळाला वाटतं बाई निवांत उभी आहे. एकदा सातारा-सांगली एसटीत बसून गेले, तर खड्ड्यांच्या कृपेने हजारभर पावलं फुकटात मिळाली. त्या दिवशी घड्याळाने 'शाब्बास' म्हणून फुलबाजे उडवले. मला हसावं की रडावं कळेना.

गंमत बाजूला ठेवू. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत दिसलं की घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायका दिवसाचे २८९ मिनिटं त्यात घालवतात आणि पुरुष ८८ मिनिटं. जवळजवळ पाच तास! आणि दुसरीकडे २०२४ मध्येच आलेला एक जागतिक अभ्यास सांगतो की २०२२ साली भारतातल्या ५७ टक्के स्त्रियांची शरीराची हालचाल पुरेशी नव्हती, पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के होतं. हे दोन्ही एकाच वेळी कसं खरं असेल? तर आपली बरीचशी कामं उभ्याने, वाकून, एका जागी होतात. त्यात कंबर मोडते, पाय सुजतात, पण दम लागत नाही, हृदयाला आणि स्नायूंना लागणारा व्यायाम होत नाही. म्हणजे आपण दमतो भरपूर आणि तब्येत कमावतो थोडी. याचं उत्तर मनगटावर नाही. घरातलं काम वाटून घेतलं आणि बाईला रोजची मोकळी अर्धा तास मिळाली, तर ते उत्तर आहे. ते सोडून आपण पाच तास राबलेल्या बाईला पुन्हा "अजून ६४० बाकी" म्हणतो!

आता खाण्याकडे वळू. आमच्या मंडळात एक तरुण सून आहे. बाळंतपणानंतर वजन वाढलं म्हणून घड्याळ घेतलं. घड्याळ सांगायचं, आज इतक्या कॅलरी जळल्या. ती त्या हिशेबाने जेवायची. कमी जळल्या की रात्रीची भाकरी बंद. चतुर्थी नाही, एकादशी नाही, घड्याळाचा उपास! अंगावर पिणारं बाळ आणि आई चक्कर येऊन ओट्याला धरून उभी. कुणी तरी तिला सांगायला हवं होतं की २०१७ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने अशी सात यंत्रं तपासली, तेव्हा बहुतेकांनी नाडीचे ठोके ठीक मोजले, पण कॅलरीत सगळ्यात चांगलं यंत्रसुद्धा सरासरी २७ टक्के चुकलं आणि सगळ्यात वाईट ९३ टक्के. यंत्रं त्यानंतर सुधारली असतील, पण कॅलरी हा आजही अंदाजच. त्या अंदाजावर ताटातली भाकरी काढून ठेवायची? २०१६ मधला आणखी एक प्रयोग आहे. वजन कमी करणाऱ्या ४७१ तरुण माणसांना दोन वर्षं पाहिलं. आहार-व्यायामाचा सल्ला दोन्ही गटांना होता. एका गटाला अंगावर बांधायचं यंत्रही दिलं. यंत्रवाल्यांचं वजन साडेतीन किलो कमी झालं आणि बिनयंत्रवाल्यांचं जवळजवळ सहा किलो! सांगलीच्या हळदीची शपथ, 'पी हळद अन् हो गोरी' असं इथे काही होत नाही.

झोपेचंही तेच. सकाळी छान जाग यावी, चहा ठेवावा आणि घड्याळ बघावं, तर "झोपेचे गुण ५८". झालं, दिवसभर आपण दमलेल्या! झोपेच्या आकड्यांपायी झोप उडालेले रुग्ण इतके येऊ लागले की २०१७ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी या त्रासाला वेगळं नावच दिलं. घड्याळ हालचाल आणि नाडी बघून झोपेचा अंदाज बांधतं, मेंदूत डोकावत नाही. आपल्याला ताजंतवानं वाटतंय का, हे आपल्यालाच विचारायचं असतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो हाच.

इथवर सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. पुढचं सांगताना मात्र मला आजही अपराधी वाटतं.

माझं माहेर सांगलीचं. वहिनी ५२ वर्षांच्या, साखरेचा त्रास सहा वर्षांपासून. त्यांच्या वाढदिवसाला घड्याळ मीच नेऊन दिलं होतं. एका रात्री अकराच्या सुमाराला त्यांचा फोन आला. "वन्सं, जरा जबड्यात जड वाटतंय. मळमळतंय, घामही आलाय. जेवण अंगावर आलं असेल." दादा कामासाठी परगावी होते. आणि मी, इतकी वर्षं गावोगाव आरोग्य शिबिरं भरवणारी बाई, काय म्हणाले? "वहिनी, घड्याळ काय दाखवतंय?"

"ठोके ८२. ऑक्सिजन ९७."

"मग काही नाही हो. जिरं-पाणी घ्या आणि झोपा."

वहिनी झोपल्या नाहीत. रात्रभर पलंगावर बसून होत्या. मधून मधून घड्याळाचं बटण दाबत होत्या, ते ठीक म्हणतंय म्हणून कुणाला उठवत नव्हत्या. पहाटे शेजारणीने त्यांची अवस्था पाहिली आणि रिक्षात घालून मिरजेला नेलं. हृदयविकाराचा झटका होता. रक्तवाहिनीत अडथळा होता, तो काढून स्टेंट बसवला. वाचल्या. पण हृदयाच्या स्नायूचं जे नुकसान त्या सहा तासांत व्हायचं ते झालं. डॉक्टरांनी विचारलं, "रात्रीच का नाही आलात?" तर वहिनींनी काही न बोलता हात पुढे केला. मनगटावर अजून ते घड्याळ होतं.

मैत्रिणींनो, हे कात्रण कापून फ्रिजवर लावा, पण लक्षात ठेवा. हातातलं घड्याळ हृदयविकाराचा झटका ओळखू शकत नाही. झटका आलेल्या माणसाचे ठोके आणि ऑक्सिजन नेहमीसारखे असू शकतात. बायकांमध्ये आणि साखर असलेल्यांमध्ये तर छातीत कळ येईलच असं नाही. जबडा, पाठ, खांदा दुखणं, दम लागणं, दरदरून घाम, मळमळ, एकाएकी आलेला विलक्षण थकवा, यांतलं काहीही असू शकतं. अशा वेळी घड्याळ बघायचं नाही, माणसाला हाक मारायची आणि १०८ ला फोन करायचा.

आणखी एक सावधगिरी. बाजारात अशी घड्याळं आणि अंगठ्या दिसतात, ज्या म्हणे सुई न टोचता रक्तातली साखर सांगतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जाहीर इशारा दिला की असं घड्याळ किंवा अंगठी स्वतःहून साखर मोजू शकते, म्हणून आपण एकालाही मान्यता दिलेली नाही. त्या आकड्यावर इन्सुलिन किंवा गोळी कमी-जास्त करणं म्हणजे जिवाशी खेळ आहे.

मग हे घड्याळ काढून फेकायचं? नाही. खरं बोलायचं तर त्याने चांगलंही केलंय. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चार लाखांवर लोकांनी अॅपलचं घड्याळ वापरलं. अनियमित ठोक्यांचा इशारा दोनशेत एखाद्यालाच आला. इशारा आलेल्यांपैकी ज्यांनी पुढे तपासणीची पट्टी लावून पाठवली, त्यांच्यात साधारण तिघांत एकाला हृदयाच्या लयीचा खराखुरा दोष निघाला. म्हणजे घड्याळाने वारंवार इशारा दिला तर डॉक्टरकडे जावं, घाबरून न जाता जावं. पण घड्याळ गप्प आहे म्हणून शरीराचं ऐकायचं थांबू नये. "काही तरी आहे" असं ते म्हणालं तर तपासून घ्या, "काही नाही" म्हणालं तर विश्वास ठेवू नका. इतका एक नियम कळला तरी पुष्कळ झालं.

आता एक प्रश्न समाजकार्यकर्ती म्हणून विचारते. आपलं घड्याळ आपण बघतो, पण आणखी कोण कोण बघतं? आपल्याच महाराष्ट्रात नागपूर महापालिकेने काही वर्षांपूर्वी सफाई कामगारांच्या हातात जीपीएसची घड्याळं बांधली. कुठे गेले, किती वेळ थांबले, सगळी नोंद. साहेबांच्या हातात मात्र तसलं घड्याळ नाही! विमा नियामकाने २०२० मध्ये दिलेल्या नियमांनुसार आरोग्य विमा कंपन्या तब्येत राखणाऱ्यांना गुण आणि सवलती देऊ शकतात. काही कंपन्या पावलांवर सूट देतातही. आज सूट मिळते, चांगलं आहे. पण गुडघे दुखणाऱ्या, शेतात वाकून राबणाऱ्या, घड्याळ न परवडणाऱ्या बाईचं काय, हे आजच विचारून ठेवायला हवं. पाळीच्या तारखा, झोपेच्या वेळा, फिरायचा रस्ता, सगळं आपण त्या अॅपला सांगत असतो. आपल्याकडे वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, अंमल टप्प्याटप्प्याने ठरला आहे. कायदा येईल तेव्हा येईल, तोवर आपल्या घरात आपण काय करतो?

कारण धोका कंपनीचाच असतो असं नाही. आमच्या समुपदेशनाला आलेल्या एकीला नवऱ्याने हौसेने घड्याळ दिलं होतं. महिन्याभराने तो विचारू लागला, "दुपारी तीन वाजता तुझे ठोके का वाढले होते? कुठे गेली होतीस?" ती माडीवर पापड वाळत घालायला गेली होती. ती बाई मला म्हणाली, "ताई, पूर्वी ते घरी आल्यावर विचारायचे. आता घरी नसले तरी विचारतात." प्रेमाने दिलेल्या वस्तूचा पासवर्ड कुणाकडे आहे, हेही बघावं लागतं. घड्याळ आपल्या हातात असेल तर त्याचं खातंही आपल्याच हातात हवं.

वहिनींच्या आजारपणानंतर आमच्या मंडळात एक दिवस आम्ही फक्त याच विषयावर बसलो. फार मोठे ठराव केले नाहीत. जे ठरलं ते सांगते. रात्री नऊनंतर पावलं मोजायची नाहीत. आठवड्यातून एक दिवस, आम्ही गुरुवार धरलाय, घड्याळ कपाटात ठेवायचं. मैत्रिणीचा आकडा विचारायचा नाही, आपला सांगायचा नाही. कॅलरी आणि झोपेचे गुण बंद करून टाकायचे, ती सोय सेटिंगमध्ये असते, मुलं करून देतात. दर तासाचा टोमणाही बंद. दिवसाऐवजी आठवड्याचा हिशेब बघायचा. जागतिक आरोग्य संघटना २०१० पासून सांगतेय की आठवड्याला किमान १५० मिनिटं जरा दम लागेल अशी हालचाल करा आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतक्या वेगाने चाललं की झालं. त्याला घड्याळ लागत नाही, सोबतीला मैत्रीण लागते.

ती तरुण सून आता बाळाला कडेवर घेऊन आमच्यात येते. घड्याळ घालत नाही. वहिनी घालतात, पण फक्त वेळ बघायला. डॉक्टरांनी त्यांना रोज थोडं चालायला सांगितलंय. गेल्या महिन्यात मी सांगलीला गेले, तेव्हा संध्याकाळी आम्ही दोघी कृष्णेच्या घाटावर गेलो. पाच मिनिटं चालायचं, दोन मिनिटं बसायचं. मला राहवेना, म्हटलं, "वहिनी, माझी चूक झाली त्या रात्री."

त्या म्हणाल्या, "वन्सं, तुम्ही घड्याळाला विचारलंत. मीसुद्धा त्यालाच विचारत होते. मला कसं वाटतंय ते दोघींनीही मला नाही विचारलं."

परवा रात्री पुन्हा साडेदहा वाजले. घड्याळ म्हणालं, १,१०० बाकी. मी ते काढून फ्रिजवर ठेवलं. सासूबाई जाग्याच होत्या, गुडघे चोळत बसल्या होत्या. मी तेलाची वाटी घेतली आणि त्यांच्या पायाशी बसले.

"झाली का गं पावलं?" त्यांनी विचारलं.

"राहिली थोडी," मी म्हटलं. "राहू देत."